वरणाची चव कुठे गेली?

"आज भाजीवर कुणाचा राग काढलाय?" हा प्रश्न ज्या घरात एकदाही विचारला गेला नाही, असे घर आमच्या पाहण्यात नाही. विचारणारा बहुतेक नवरा असतो, नाहीतर कॉलेजात जाणारा मुलगा. उत्तर सहसा मिळत नाही. भांड्यांचा आवाज तेवढा वाढतो.

आपल्या वस्तीतल्या बायांचा या गोष्टीवर पक्का विश्वास आहे. रडत केलेला स्वयंपाक अंगी लागत नाही, रागात थापलेली भाकरी पोटात दुखते, अमकीच्या हाताला चव आहे आणि तमकीने कितीही मसाला ओतला तरी ते पाणीच, असे त्या नळावर, लोकलमध्ये, विहाराच्या पायरीवर बसून सांगत असतात. आम्ही पडलो बी.कॉम. झालेले, दिवसभर कचेरीत आकडेमोड करणारे आणि संध्याकाळी समाजकार्यात फिरणारे. अंगारे-धुपारे घराबाहेर काढा म्हणून भाषणे देणारे. तेव्हा मनातला राग डाळीत उतरतो, ही गोष्ट आमच्या पचनी पडणे कठीणच होते.

शिवाय 'हाताचा गुण अन्नात उतरतो' हे वाक्य आपल्या लोकांनी जरा जपून वापरावे, असे आम्हाला वाटते. याच वाक्याने आपल्याला पिढ्यान्पिढ्या ओट्यापासून आणि पाणवठ्यापासून लांब ठेवले. आमच्या आईने १९८४ पासून पुढे बारा वर्षे दादरच्या एका घरी काम केले. भांडी आणि लादी. ओट्याला हात लावायचा नाही, अशी पहिल्याच दिवशी ताकीद होती. तिने घासलेली भांडी चालत, त्याच भांड्यांत तिने शिजवलेले चालले नसते. २०१७ साली पुण्यात एका उच्चशिक्षित बाईंनी, सोवळ्याच्या स्वयंपाकाला आलेल्या बाईने जात लपवली म्हणून पोलिसात तक्रार केली, ती बातमी वाचकांना आठवत असेल. त्या बाईच्या हातचे जेवण त्या घरात आधी झालेले होते. जिभेला जात कळली नव्हती. कळली ती चौकशी केल्यावर.

म्हणजे जात काही अन्नात उतरत नाही. मग दुसरे काय उतरते? काहीतरी उतरते, असे आमचे आता मत झाले आहे. ते काय, हे समजायला आम्हाला चाळिशी ओलांडावी लागली.

आधी आईची भाकरी सांगतो, कारण या विषयातले आमचे पहिले शिक्षण तिथेच झाले. आम्ही डिलाईल रोडच्या बी.डी.डी. चाळीत वाढलो. एकशे साठ चौरस फुटांची खोली, त्यात आईवडील, दोन बहिणी, आम्ही आणि गावाहून आलेला कुणी ना कुणी पाहुणा. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. आमच्या वडिलांना नंतर परत कामावर घेतले नाही. मग वडील घरी आणि आई कामावर, असे दिवस आले. संध्याकाळी आई दादरहून चालत यायची, हातपाय धुवायची आणि पंपाच्या स्टोव्हला पिन मारायची. स्टोव्ह एकदा फरफरायला लागला की खोलीत कुणाचे बोलणे कुणाला ऐकू यायचे नाही. ऐकू यायची ती फक्त परातीतली थाप.

त्या थापेवरून आम्हा भावंडांना घरातले हवामान कळायचे. थाप जोरात आणि भरभर पडली की आम्ही मुकाट्याने पुस्तक उघडायचो, मग ते कुठल्याही विषयाचे असो. आता गंमत ऐका. त्या दिवशीची भाकरी सगळ्यात चांगली व्हायची. टम्म फुगायची, पापुद्रा सुटायचा, कडेला एक चीर नसायची. रागाने केलेली भाकरी वाईट असते म्हणणाऱ्यांनी आमच्या आईच्या हातची खायला हवी होती. त्याचे कारण आम्हाला पुढे कळले. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. गरम पाणी घालून, तळहाताच्या जोराने जितके मळाल तितके ते एकजीव होते. एका वेळी एकाच भाकरीचे पीठ मळायचे असते. आई आपला सगळा राग, दादरच्या बाईंवरचा, गिरणीवरचा, आणि खोलीत बसून असलेल्या वडिलांवरचा, त्या गोळ्यावर काढायची. गोळ्याला तेच हवे असायचे.

भाकरी बिघडायची ती दुसऱ्याच दिवशी. थाप हळू पडायची, मध्येच थांबायची. आई परातीकडे बघत राहायची आणि तवा तापून धूर सोडायचा. त्या दिवशी कडा फाटलेल्या, मधे जाड, एका बाजूने करपलेली आणि दुसऱ्या बाजूने पांढरी, अशी भाकरी ताटात यायची. वडील ती न बोलता खायचे. त्यांना कळत असावे. आम्हाला मात्र त्या वयात एवढेच कळायचे की आज आई ओरडणार नाही, तर खेळायला जायला हरकत नाही.

तर राग आणि दुःख यांचे काम निराळे. राग भाकरीला चालतो, पण लसणाच्या फोडणीला चालत नाही, कारण रागावलेला माणूस आच मोठी ठेवतो. लसूण सोनेरी व्हायला लागतो तेवढाच वेळ, बोलता बोलता, काळा व्हायला लागतो, आणि एकदा कडू झाला की अख्खे पातेले कडू. घाई तर आणखी वाईट. सुकट निवडायला बसायचे म्हणजे धीर पाहिजे. डोकी काढायची, पाखडायची, दोन पाण्यातून काढायची. घाईत असलेल्या बाईची सुकट दाताखाली कचकचते, तिथे हाताची चव काही करू शकत नाही. कांदा खरपूस व्हायला वेळ लागतो, तो दिला नाही तर रस्सा कच्चट लागतो, मग वरून तिखट वाढवले जाते. पिठल्यात गुठळ्या होतात त्या पीठ पेरताना दुसरा हात ढवळायचा थांबला म्हणून. आणि ज्याच्या मनात काही घोळते आहे तो एकतर मीठ घालायचे विसरतो, नाहीतर घातले हे विसरून पुन्हा घालतो. यात मंत्र-तंत्र काही नाही. मन दुसरीकडे गेले की हात एकटे पडतात, इतकेच.

हे सगळे आम्हाला आज कळते. २०२४ च्या मार्च महिन्यात कळत नव्हते.

जयंती तोंडावर आली होती. आमच्या कल्याण पूर्वेच्या घरी रविवारी कमिटीची बैठक ठेवली. वर्गणी, मिरवणूक, मुलांच्या स्पर्धा, बँजो ठेवायचा की नाही, हे दरवर्षीचे वाद. आठ माणसे येणार, जेवून जाणार, हे आम्ही घरात शनिवारी रात्री सांगितले. आमच्या मंडळींना (लग्नपत्रिकेत आपण 'आयुष्मती' छापतो, घरात मात्र 'अगं' वर भागवतो) आठवड्यात ती एकच सुट्टी. सोमवार ते शनिवार त्या एका गाळ्यात पॅकिंगचे काम करायच्या. आमच्याकडे पाणी पहाटे येते, म्हणजे रविवारीसुद्धा उठणे पहाटेच.

बैठक रंगली. दीड वाजता ताटे मांडली. भात, वांग्याची भाजी, भाकरी, वरण. पहिल्या घासाला कळले, वरण खाली लागले होते आणि वर मीठही नव्हते. आठ माणसांदेखत आम्ही बोललो, "अगं, लक्ष कुठं होतं आज?" सगळे हसले. एक वडीलधारे कार्यकर्ते म्हणाले, "असू द्या हो, करपलेलं वरणबी चळवळीला चालतं." पुन्हा हसणे झाले. मंडळींनी काही न बोलता मिठाची वाटी आणून मध्ये ठेवली.

एक एप्रिलला सोमवारी आम्ही कचेरीला निघालो तर मंडळी घरच्याच साडीत. "आज सुट्टी का?" म्हणून विचारले. म्हणाल्या, "त्यांनी बायका कमी केल्या. महिनाअखेर शेवटचा दिवस होता." कधी सांगितले त्यांनी? "बैठकीच्या आदल्या दिवशी." मग आम्हाला का नाही सांगितलेस? त्यावर मिळालेले उत्तर आम्ही इथे जसेच्या तसे देतो. "कधी सांगणार? माणसं यायची होती तुमची. मग माणसं बसली होती."

म्हणजे त्या रविवारी लक्ष कुठे होते, हा आमचा प्रश्न बरोबर होता. विचारण्याची जागा आणि वेळ तेवढी चुकली, आणि उत्तर ऐकायला आम्ही थांबलो नाही.

यानंतर एक चमत्कारिक गोष्ट झाली. घरातला स्वयंपाक बिघडायचा बंद झाला. मीठ कधी कमी नाही, जास्त नाही. भात मोकळा. वरण पातळ नाही, घट्ट नाही. पंधरा-वीस दिवस आम्ही खूश होतो. नंतर लक्षात आले की जेवण अगदी बिनचूक आहे, पण चव म्हणून नाही. आमच्या कचेरीतल्या टिपणीसारखे. नियमाप्रमाणे सगळे मुद्दे आले आहेत, खाली सही आहे, आणि वाचणाऱ्याला काही बोध होत नाही. पूर्वी वरणात कधी चिंचेचा कोळ पडायचा, कधी उन्हाळ्यात कैरीची फोड, कधी लसूण नुसता ठेचून. आता रोज तेच. मुलगा जेवण झाल्यावर बाहेर वडापाव खाऊन येऊ लागला.

आम्ही नोकरी गेल्याचे दुःख धरले आणि दोन-तीन ठिकाणी कामासाठी शब्द टाकला. कार्यकर्त्याला दुसरे सुचते काय? जूनमध्ये मंडळींना एका शाळेच्या बसवर मदतनीस म्हणून काम लागलेही. तरी वरण तसेच.

कोडे सोडवले ते मुलीने. ती बारावीला होती. एका रात्री अभ्यास करता करता म्हणाली, "पप्पा, आई चव बघत नाही आता. हातावर घेतच नाही." आम्ही म्हटले, म्हणजे काय? तिने दाखवले. आमच्या मंडळींची सवय अशी, की पळीतला थेंब डाव्या तळहातावर घ्यायचा, जिभेला लावायचा, क्षणभर छताकडे बघायचे आणि मग हात डब्याकडे जायचा, मिठाच्या नाहीतर गुळाच्या. वीस वर्षे आम्ही हे बघत होतो आणि कधी पाहिले नव्हते. ते बंद झाले होते. आता चमच्याने मोजून मीठ, मोजून तिखट, वर झाकण. चूक होऊ नये एवढाच हिशेब. आठ माणसांत पुन्हा कुणी हसू नये, हा बंदोबस्त होता.

त्याच वर्षीच्या वर्षावासात विहारात भंतेजींनी महापरिनिब्बान सुत्तातली चुंदाची गोष्ट सांगितली. ती आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, काही वेळा स्वतः सांगितलीही आहे. पावा गावी धातुकाम करणाऱ्या चुंदाने भगवंतांना भोजन दिले. ते भगवंतांचे शेवटचे भोजन ठरले. त्यानंतर दुखणे बळावले. त्या अवस्थेत कुसिनाऱ्याच्या वाटेवर भगवंतांनी आनंदाला बजावले की, कुणी चुंदाला 'तुझ्या अन्नाने असे झाले' म्हणून दोष देईल, त्याला पश्चात्ताप वाटेल, तर तो वाटू देऊ नकोस. त्याला सांग की ज्या भोजनानंतर तथागताला संबोधी प्राप्त झाली आणि ज्या भोजनानंतर महापरिनिर्वाण झाले, ती दोन्ही भोजने सारख्याच मोलाची आहेत. आम्ही इतकी वर्षे ही गोष्ट करुणेची म्हणून ऐकत होतो. त्या संध्याकाळी पहिल्यांदा लक्षात आले की ही स्वयंपाक करणाऱ्याच्या मनाचीही गोष्ट आहे. स्वतःच्या वेदना बाजूला ठेवून, ज्याने रांधले त्याचे मन आधी सांभाळले. आणि आम्ही? साधे वरण लागले तर. लोक 'साधू, साधू, साधू' म्हणाले, तेव्हा आमच्या तोंडून आवाज निघाला नाही. मंडळी महिलांच्या रांगेत पुढे बसल्या होत्या. त्यांची पाठ तेवढी दिसत होती.

बाबासाहेबांनी २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले होते की लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभे राहावे, त्याची दासी होऊ नये. हे आम्ही व्यासपीठावरून किती वेळा सांगितले असेल याची गणती नाही. सांगून घरी आलो की ताट वाढलेले असायचे. केंद्र सरकारने २०२४ साली लोकांचा वेळ कशात जातो याची पाहणी केली. तिच्यात घरचे बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात आणि पुरुषांची ८८, असे निघाले. आमची किती, हे आम्ही एका कागदावर मांडून पाहिले. आकडा इथे देत नाही. हिशेबनीस माणूस आपला तोटा छापत नसतो.

मग आम्ही ठरवले, बुधवार आणि रविवार रात्रीचे आम्ही करायचे. मंडळींनी यावर उत्साह दाखवला नाही. "करा," एवढेच म्हणाल्या. पहिल्या बुधवारी भात चिकट झाला, दुसऱ्या बुधवारी कुकरमध्ये पाणी घालायचे राहिले. भाकरीचे तर नावच काढू नका. आमच्या थापेला परात हलायची, भाकरी नाही. आणि एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती, ती अशी की तासभर फोडणीच्या वासात उभे राहिले की नाकाला तो वासच येईनासा होतो, भूक मरते. आपण केलेले आपल्यालाच बेचव लागते. त्यात समोर बसलेला मुलगा ताटाकडे बघून नुसता "हं" म्हणाला की जीवाचा संताप होतो. तो "हं" आम्ही किती वर्षे म्हणत आलो होतो!

भाद्रपदातल्या एका बुधवारी कचेरीत आमच्यावर एक खापर फुटले. फाईल तिसऱ्याने हरवली आणि मेमो आम्हाला. लोकलमध्ये उभ्याने आलो, डोक्यात उत्तराचा मजकूर जुळवत. घरी येऊन तडक कुकर लावला. पातेले चढवले, तेल, मोहरी, लसूण, आणि 'उपरोक्त विषयी नम्रपणे कळविण्यात येते की' इथपर्यंत मनात पोचलो तोवर घरभर वास. तसेच वर वरण ओतले आणि ढवळत राहिलो. दुसरे करायला डाळ भिजवलेली नव्हती.

मंडळी बसवरची ड्यूटी करून आल्या होत्या, पाय वर घेऊन बसल्या होत्या. आम्हाला मीठ घातले की नाही तेच आठवेना. मुलीला हाक मारली तर तिच्या कानाला ते वायरचे यंत्र. शेवटी पळी घेऊन आम्हीच बाहेर आलो आणि म्हटले, "जरा बघतेस का?"

त्यांनी आमच्याकडे बघितले, पळीकडे बघितले. डावा तळहात पुढे केला. आम्ही थेंब टाकला. त्यांनी जिभेला लावला आणि छताकडे बघितले.

"मीठ नाही," म्हणाल्या. "आणि लसूण जाळलाय तुम्ही. कुणावर राग होता?"

आम्ही आमच्या साहेबांचे नाव सांगितले. मग सगळी हकिगतच सांगितली, मेमोसकट. त्या ऐकत होत्या, आणि उठून गुळाचा डबा शोधत होत्या.